थंड झालेली साखर

"काचेला देवी आल्यात की!" उडो खिदळला. मग घरमालकाच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्याने हसू गिळलं.

माइन्झच्या कारखान्याने विजेच्या शेगडीसाठी उष्णता सोसणारी काच घडवली, तिचा पहिला तुकडा निवृत्त संचालक लोअर यांच्या स्वयंपाकघरात होता. कोपऱ्यात त्यांचंच नाव. दरवर्षी याच दिवशी ते तिच्यावर शिजवून जुन्या सहकाऱ्यांना जेवू घालत. आज तिच्यावर जळकी साखर थिजली होती आणि थिजताना तिने काचेचे टवके उपटले होते.

"हिने जॅम उतू जाऊ दिला!" लोअर गरजले. "संध्याकाळच्या आत वरची खोली रिकामी कर."

"सकाळपासून सांगतेय, कुणी ऐकेल तर शपथ," आपोलोनियाबाई म्हणाल्या. त्या इथे स्वयंपाक करत आणि वरच्याच खोलीत राहत. "जॅम कालच झाला, तोही तळघरातल्या गॅसवर. आज मी चर्चमध्ये गात होते, अख्ख्या गल्लीने ऐकलंय." गुप्तहेर हेल्मा ब्रॉख आणि तिचा मदतनीस उडो यांना त्यांनीच बोलावलं होतं.

हेल्माने साखर चिकटलेला एक टवका उजेडात धरला. पिवळसर, नितळ. ना साल, ना गर. शेगडीशेजारच्या खुंटीवर पात्याची खरवडणी होती, स्वच्छ आणि कोरडी.

पुतण्या फोल्कर आधीच तापला होता. "काकांवर राग आहे माझा, कबूल. पण मी काच तापवून गार पाणी ओतलं असतं. क्षणात दोन तुकडे!"

"पाण्याने तिला काही होत नाही, गाढवा," लोअर म्हणाले.

शेवटी हार्टविन, लोअरांचा जुना सहकारी. सगळ्यांच्या आधी आलेला. त्याच्या मनगटावर ताजा फोड होता.

"मी आलो तेव्हा साखर रटरटत होती. बटण बंद करताना थेंब उडाला." तो काचेकडे बघत राहिला. "माझी बायको रुथिल्ड प्रयोगशाळेत हिच्यासाठी राबली. आज असती तर रडली असती."

"बिचारा," उडो कुजबुजला. "पुतण्यानेच केलंय सगळं."

"पुतण्या पाणी ओतून मोकळा झाला असता," हेल्मा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "साखर हिची वैरीण, हे माहीत असलेली माणसं इथे तीनच. लोअर स्वतःची मिरवणूक मोडणार नाहीत. बाई चर्चमध्ये होत्या. शिवाय जॅममध्ये गर असतो, ही नुसती साखर आहे. हार्टविन, कारखान्यात पहिल्या दिवशी काय शिकवतात?"

हार्टविनने मान खाली घातली. "साखर सांडली तर गरम असतानाच खरवडा."

"खरवडणी हाताशी होती. तरी तुम्ही बटण बंद केलंत आणि ती थंड होऊ दिलीत."

"हो. साखरही मीच ओतली आणि खुर्ची ओढून बसलो," हार्टविन म्हणाला. "टवका उडाल्याचा एकेक आवाज ऐकला. गोड वाटला! काच रुथिल्डने शोधली, नाव याने कोरलं. तिच्या मरणानंतरही पुसलं नाही. आणि मी दरवर्षी इथलं जेवण मुकाट गिळलं. बाई, तुमच्यावर आळ आल्यावरही गप्प बसलो, तेवढं मात्र चुकलं."

"पोलीस!" लोअर फोनकडे धावले.

"बोलवा," हेल्मा म्हणाली. "ते कारणही विचारतील."

लोअरांचा हात फोनवरून मागे आला. ते बाईंकडे वळले. "थांबा तुम्ही. खोली तुमचीच आहे."

आपोलोनियाबाईंनी खुंटीवरची खरवडणी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"गरम होतं तेव्हा ऐकायचं होतं, साहेब," त्या म्हणाल्या आणि बॅग उचलून बाहेर पडल्या.