आधी आवाज, मग दोर

तेलाचा रिकामा डबा माहरुखच्या छत्रीवर येऊन आदळला, तेव्हा ती डोहाच्या काठी टॉवेल घेऊन बाबांची वाट पाहत होती. छत्री हातातून सुटली, उलटी झाली आणि सावित्री नदीच्या पाण्यावरून होडीसारखी ऐटीत निघाली. भुरभुर पाऊस होता. डब्याला दोर बांधलेला होता, आणि दोराचं दुसरं टोक पलीकडच्या खडकावरच्या एका उंच तरुणाच्या हातात होतं. डोळ्यांवर आलेले ओले केस बाजूला करायलाही त्याला सुचत नव्हतं.

“माफ करा हं,” तो म्हणाला. “तुम्ही बुडत नव्हता, तरी वाचवलं.”

“मी वाचले. छत्री चालली.”

तो उडी मारणार, एवढ्यात छत्री आपसूक थांबली, सरळ झाली आणि उलटी फिरून काठाकडे येऊ लागली. तिच्याखाली बाबांचं पांढरं डोकं होतं. एका हातानं पाणी कापत, दुसऱ्या हातानं छत्री डोक्यावर धरून मुरादभाई पोहत येत होते... जणू बाजारातून घरी निघाले होते.

महाड-पोलादपूर रस्त्यावरच्या त्या गावात मुरादभाईंना कोण ओळखत नव्हतं? आयुष्यभर ट्रक चालवला. पण त्यांचं नाव झालं ते या डोहामुळे. गावातल्या पोरांच्या पाठीला पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधून त्यांनी दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं होतं. गणपतीच्या विसर्जनाला तर गणेश मंडळाचं पहिलं बोलावणं त्यांनाच असे. पुरानं तळातले दगड हललेले असतात, म्हणून आदल्या दिवशी ते डोहात उतरून पायांनी सगळा तळ चाचपून बघत. आजही तेच चाललं होतं. उद्या अनंत चतुर्दशी होती.

“पोलादपूरच्या काझ्यांचा ना रे तू? मस्कतवाला?” बाबांनी अंग पुसत विचारलं.

“हो मामू. उझैर. तिथं हॉटेलच्या पूलवर लाइफगार्ड आहे. सुट्टीवर आलोय, तर जलतरण मंडळानं कामाला लावलं. उद्या विसर्जनाला दोर घेऊन उभं राहायचंय.”

“दोर कशाला? मी हाय ना.”

“मामू, शिकवलंच तसं आम्हाला. आधी आवाज द्यायचा. मग काठी. मग दोर. माणूस पाण्यात उतरणार तो सगळ्यात शेवटी.”

“तवर बुडणारा कटाळून निघून जाईल रे.”

काठावर धुणं धूत बसलेली सोनाबाई खो खो हसली. “मुरादभाई हायेत तवर आमाला दोराचा काय करायचा? त्यो घेऊन जा तुज्या पोलादपूरला.”

“ती बरोबर बोलली,” बाबा म्हणाले. “तिथला विसर्जनाचा घाट वंगाळ हाय, नि तिथं पाण्यात उतरणारा कोण नाय. उद्या तू तिथं जा. मी सांगतो तुमच्या मंडळाला.”

उझैरनं मान डोलावली. दोराची वेटोळी खांद्यावर टाकताना त्यानं हळूच माहरुखकडे पाहिलं.

“तुम्ही कुणाच्या बाजूनं? मामूंच्या, की दोराच्या?”

“छत्रीच्या.”

तो हसला. त्याच्या गालावर पावसाचे थेंब होते, आणि ते पुसायचं काही कारण नाही असं माहरुखला उगाच वाटून गेलं.

रात्री जेवताना बाबांनी मासळीतला काटा काढता काढता विचारलं, “पोरगा बरा हाय नाय?”

“कुठला?”

“इतके पोरगे बघितलेस आज?”

ती हातातल्या पुस्तकात तोंड घालून हसली. बाबाही हसले. नेहमीसारखाच एक दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूर्ती पाण्यात गेली आणि मुंबईहून गणपतीला आलेला एक धिप्पाड चाकरमानी तिच्यामागोमाग घसरला. काठावर ढोल होते, गर्दी होती, “मुरादभाई हायेत ना” म्हणणारे सगळे होते. दोर नव्हता. बाबा नेहमीसारखे उतरले. त्या माणसानं त्यांच्या गळ्याला मिठी मारली ती सोडलीच नाही. चाकरमानी वर आला, बाबांचा श्वास मात्र पाण्यातच राहिला.

लोक येऊन सांगत, असं मरण नशीबवानाला येतं. गणेश मंडळानं त्यांचा फोटो लावला. माहरुख महाडच्या शाळेत शिकवायची. तिथंही प्रार्थनेनंतर सगळे उभे राहिले. ती मान हलवत राहिली. लोक बोलत होते ते खरं होतं, आणि तरी एवढंच खरं नव्हतं.

उझैर आला तो ओट्याच्या पायरीशीच थांबला.

“दोर माझ्याकडे होता,” तो म्हणाला.

“बाबांनीच पाठवलं तुम्हाला.”

“हो. पण मी गेलो...”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायची त्यानं काही खटपट केली नाही. तिला त्याच्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला तो तिथं.

पाऊस सरला, डोह निवळला. सुट्टी वाढवून घेऊन उझैरनं जलतरण मंडळातर्फे पोहण्याचा वर्ग सुरू केला. मुलं आली. मुलींना पाठवायला मात्र आया तयार होईनात. काठावर कुणी बाई असेल तर बघू, म्हणाल्या. तो पुन्हा त्याच पायरीशी येऊन उभा राहिला.

“मला पोहता येत नाही,” माहरुखनं सांगितलं.

“मुरादमामूंच्या मुलीला?”

ती काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून अम्मीचा आवाज आला. अम्मी, हफिजा, नवऱ्यामागं घरातच काढायच्या इद्दतीत बसली होती. “गावाला शिकवलं त्यांनी. हिला नाय शिकवलं. म्हणायचे, हिला काय गरज, मी हाय ना.” मग आवाज दाराजवळ आला. “आता कोण हाय? जा गो. शिक.”

म्हणून ती गेली. सलवारीचे पाय वर खोचून, पाठीला बाबांच्या हातचा पांगाऱ्याचा ओंडका बांधून, आपल्याच विद्यार्थिनींबरोबर पाण्यात उतरली. उझैरनं बाबांचे सगळे ओंडके जपून ठेवले होते. “यापेक्षा चांगलं साधन मस्कतच्या पूलवर पण नाही,” असं तो प्रत्येक मुलीला सांगायचा, आणि ते नुसतं माहरुखला बरं वाटावं म्हणून नसायचं. घाबरलेल्या पोरीला तो कधी ओढायचा नाही. तिच्या शेजारी गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून बैलाच्या, सिनेमाच्या, काहीबाही गोष्टी सांगत राहायचा, आणि बोलता बोलता पोरगी तरंगू लागायची. अशी माणसं पुस्तकात भेटतात, असा माहरुखचा समज होता.

पोहणं जमल्यावर बुडणाऱ्याला वाचवायचा सराव सुरू झाला. त्यात दोर टाकण्यात तिचा हात लवकर बसला. डबा नेमका त्याच्या खांद्याशी जाऊन पडे. अडत होतं ते आवाजापाशी.

“बाई,” तो पाण्यातून म्हणायचा, “बुडणाऱ्याच्या कानात पाणी असतं. तुम्ही त्याला कविता वाचून दाखवताय.”

“मग तुम्ही जरा नीट बुडा.”

“याहून नीट बुडलो तर परत यायचा नाही.”

बोलून गेल्यावर त्यालाच चटका बसला. तो काठाशी आला. “माफ करा. माझी जीभ...”

“असू दे,” ती म्हणाली. “बाबा असते तर हसले असते.”

मग एका सकाळी त्यानं गळ्याची मिठी कशी सोडवायची ते शिकवलं. “त्याला ढकलू नका. आपणच श्वास रोखून खाली जायचं. बुडणाऱ्याला वर यायचं असतं. खाली जाणाऱ्याला तो आपोआप सोडतो.”

मुली सराव करायला पांगल्या. माहरुख तिथंच उभी राहिली.

“बाबांना हे माहीत नव्हतं?”

उझैर तिच्याजवळ आला. “मी त्या चाकरमान्याला भेटून आलो. तो म्हणाला, खालून कुणीतरी मला सारखं वर रेटत होतं... मामूंना माहीत असणार. पण खाली जायचं म्हणजे त्यालाही क्षणभर खाली न्यायचं. त्याचा दम संपला होता. मामू त्याला वर धरून राहिले.”

ती रडली नाही. तिनं फक्त त्याचा ओला हात धरला. दोघांनाही पुढं काय करायचं ते ठाऊक नसल्यासारखे ते हात तसेच राहिले... मुली हसायला लागेपर्यंत.

पोहण्याच्या वर्गाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी एसटीडी बूथवरून येताना तो तिच्याबरोबर चालत होता. शेतात कडधान्याला फुलं आली होती.

“मस्कतहून निरोप आहे. नवा व्हिसा आलाय. सोमवारी निघावं लागेल... बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे?”

“म्हणजे कुणी थांब म्हटलं नाही तर.”

“जलतरण मंडळ म्हणेल की.”

“मंडळानं सत्काराचा नारळ आणून ठेवलाय.”

तिला हसू आलं. तो तिच्याकडे बघत होता, वाट बघत होता. तिच्या ओठांपर्यंत आलेलं काहीतरी नेहमीसारखं मागं फिरलं. “सकाळी वेळेवर या,” एवढंच ती म्हणाली.

परीक्षेला बरेच लोक जमले होते. मुली एकेक करून उत्तीर्ण होत गेल्या. सोनाबाई सगळ्यांचे कपडे सांभाळत खडकावर बसली होती. शेवटी माहरुखची पाळी आली. बुडणारा माणूस अर्थातच उझैर. तो डोहाच्या मध्यावर जाऊन हातपाय झाडू लागला.

“दोर धरा,” ती म्हणाली.

तो झाडतच राहिला.

“दोर धरा,” ती पुन्हा म्हणाली. पाणी खळाळत होतं. त्यात तिचा आवाज विरघळून गेला.

“अगो, मोठ्यानं बोल,” सोनाबाई म्हणाली. “तुझा बाप हाक मारायचा ती पलीकडच्या गावात ऐकू यायची. त्याची ना तू?”

माहरुखनं डोहाकडे पाहिलं. लहानपणापासून ती इथंच उभी राहत आली होती, हातात टॉवेल घेऊन. कुणीतरी ओरडायचं, बाबा सदरा काढून टाकायचे, लोक वाहवा करायचे. आणि तिच्या घशात दर वेळी एकच शब्द येऊन अडकायचा. एवढ्या मोठ्या माणसाच्या मुलीनं असं म्हणायचं नसतं, असं तिला वाटे. ती तो गिळून टाकायची. अनंत चतुर्दशीलाही तिनं तो गिळला होता. म्हटला असता तरी बाबा थांबले नसते, हे तिला माहीत होतं. पण उतरताना त्यांच्या कानात तो असता. आपल्या मुलीला आपण केवढे हवे आहोत, हे त्यांना ऐकू आलं असतं.

समोर उझैर पाण्यात थांबला होता. बुडायचं नाटकही तो विसरला होता. काहीतरी बिघडलंय असं वाटून तो तिच्याकडे पोहत येऊ लागला.

तिनं डबा फेकला. तो नेमका त्याच्या खांद्याशी पडला. मग तिनं श्वास घेतला, पोटापासून, त्यानंच शिकवला होता तसा. आणि काठावर कोण कोण आहे याचा विचार न करता, पलीकडच्या गावात ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“जाऊ नकोस, उझैर. मला भीती वाटते. बाबा पाण्यात उतरायचे तेव्हाही वाटायची, पण त्यांना कधी म्हणता आलं नाही. तुला म्हणते. मला तू हवा आहेस. जाऊ नकोस... आणि आता तो दोर धर.”