नाथाजींचे रुमाल

पेटी उघडली आणि सांगलीचे जयपालशेठ आत हात घालून तळ चाचपू लागले.

साताऱ्याचे इतिहाससंशोधक नाथाजी माने १९४६ च्या पावसाळ्यानंतर वारले. गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवलेले मोडी कागद सांगलीच्या एका शाळेला द्यायचे, असे त्यांनी शेठजींशी ठरवले होते. शेठजींनी स्वखर्चाने तिथे दालनही बांधले. आता नाथाजींच्या घरातल्या पेटीत कागद बांधायचे रुमाल तेवढे होते, स्वच्छ धुऊन घडी घातलेले.

नाथाजींचा शिष्य कृष्णात याच्यावरच संशय गेला. कागदांचे मोल त्याला ठाऊक होते. पोलिसांत देण्याआधी शेठजींनी खासगी तपासनीस बाळासो जामदारांना बोलावले. सोबत त्यांचा मित्र बिराप्पा आला. तपासात त्याचा उपयोग चहा संपवण्यापुरताच.

कृष्णात रडकुंडीला आला होता. अस्थिविसर्जनाला आपण नाथाजींच्या पत्नीला, राहीबाईंना, बैलगाडीतून माहुलीच्या संगमावर नेले, एवढेच तो सांगत राहिला. गाडीत दोन पोती होती, दानाचे कपडे असावेत. तो बैलांपाशीच थांबला होता.

पेटीची किल्ली कायम आपल्याच कमरेला असते, असे राहीबाई म्हणाल्या. कागदांना कसर लागली म्हणून धनी आजारपणात फार हळहळत, हेही त्यांनी सांगितले. बाळासो खुंटीवरचा नाथाजींचा कोट आणि दांडीवरची धोतरे पाहत होते.

"कृष्णातनंच विकलं," बाहेर आल्यावर बिराप्पा म्हणाला.

"गड्या, चोर फडकी धुऊन परत ठेवतो का?"

बाळासोंनी सगळ्यांना सोप्यात बसवले.

"चोरी झालीच नाही. कुलूप शाबूत, किल्ली बाईंकडे. कपडे तर अजून घरातच आहेत, मग पोत्यांत काय होते? पोथी जीर्ण झाली की आपण ती पायदळी जाऊ देत नाही, वाहत्या पाण्यात सोडतो. बाईंनी कागद तसेच सोडले आणि रुमाल धुऊन घरी आणले."

राहीबाईंनी मान हलवली. "व्हय. जलमभर त्येंनी द्येवावानी जपलं. कुनाच्या पायाखाली येऊ नयेत म्हनून सोडलं. शाळंला पेटी पायजे आसंल, आसं मला वाटलं. कागदाचं मला कुनी सांगितलंच न्हाई."

खरेच, त्यांना कुणीच सांगितले नव्हते, नाथाजींनीसुद्धा नाही. शेठजींनी कृष्णातची माफी मागितली, पण त्याचे तिकडे लक्ष नव्हते. गुन्हेगार नव्हता म्हणून कुणाला हायसे वाटले नाही. रागवायलाही कुणी उरले नव्हते.

राहीबाई एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

"आरं कृष्णात, तसलं दुसरं कागद असत्याल की कुठंतरी?"

"न्हाई काकी," तो म्हणाला. "त्येवढंच व्हतं."