खुर्चीमागचा पांढरा डाग

हसायचं तर खुशाल हसा. पण यातलं एक अक्षर माझ्या पदरचं नाही. माझ्या भाचजावयाच्या घरात घडलंय हे. रात्रही नव्हती... थंडीतला रविवार, भर दुपार.

जावयाला आम्ही भिंगोबा म्हणतो. जुन्या लेन्सचं भारी वेड! कपाटात साड्यांना जागा नाही म्हणून माझ्या भाचीची रोज कटकट. शेवटी ठरलं. एकसारख्या दोन लेन्स आहेत, त्यातली एक आज मित्राला द्यायची.

एक जुनी, त्याच्या वारलेल्या वडिलांची. ते स्टुडिओत फोटो काढायचे. तिच्या काचेवर कोटिंगचा, म्हणजे उन्हाची चमक अडवणाऱ्या लेपाचा, एकच निळसर थर. दुसरी नंतरची, बऱ्याच थरांची, हिरवी-जांभळी चमकणारी.

"जिचा फोटो चांगला, ती ठेवा. मागाहून रडगाणं नको," भाची म्हणाली आणि खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसली.

भिंगोबाला वडिलांचीच ठेवायची होती.

नव्या लेन्सचा फोटो लख्ख.

जुनीतून काढला... तर भाचीच्या खांद्यामागे पांढरट डाग.

"ऊन येतंय समोरून. जुन्या कोटिंगला सोसत नाही," तो पुटपुटला. लेन्सवर हाताची सावली धरली. डाग तिथेच. पडदा ओढला. तिथेच. काच पुसून पुसून जीव मेटाकुटीला आला.

मग त्यानं कॅमेराच बाजूला सरकवला. उन्हाचा डाग असेल तर कॅमेऱ्याबरोबर जागा बदलतो...

हा हलला नाही.

खुर्चीमागेच उभा.

"अहो, मान सरळ कर म्हणून तोंडानं सांगा की! हनुवटीला गार हात कसले लावताय?"

भिंगोबा कॅमेऱ्यापाशी होता. चांगला चार हात लांब.

आणि वडील... स्टुडिओत आलेल्यांची हनुवटी मागून अशीच सरळ करायचे.

तेवढ्यात बेल वाजली. मित्र आला! भिंगोबाचं डोकंच फिरलं. घाबरायचंसुद्धा सुचलं नाही.

"बाबा, बाजूला व्हा हो जरा! सगळे फोटो खराब होतायत!"



पुढचा फोटो असा लख्ख निघाला, की भाचीसुद्धा बघत राहिली. वडिलांची लेन्स घरात राहिली. मित्र दुसरी घेऊन गेला.

संध्याकाळी त्याचा फोन.

"काय रे, नव्या कोटिंगचे गोडवे गात होतास ना? इथे प्रत्येक फोटोत आईच्या मागे काहीतरी पांढरं येतंय..."

भिंगोबानं लगेच लेन्स परत मागितली, तर मित्र म्हणतो, "दिलेली वस्तू परत मागतोस? लाज वाटत नाही?"

तेव्हापासून रोज दुपारी हा रिकाम्या खुर्चीचे फोटो काढतो. सगळे लख्ख. एकेक बघतो नि चिडतो.

"मावशी, मी बाजूला व्हा म्हणालो होतो हो! घर सोडून जा कुठे म्हणालो?"



तो मित्र आमच्याच गल्लीत राहतो. हल्ली मी लांबच्या रस्त्यानं घरी येते...