तीन बारांचं उत्तर

शिकाऊ माणसाला काडतुसं भरायला फारसं काही लागत नाही, असं म्हणत वाइनो कोस्केलाने टेबलावरचे कॉफीचे पेले बाजूला सारले. टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेला हातदांड्याचा प्रेस, दारू जोखायचा काटा, जाडी मोजायचा कॅलिपर, पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा आणि दारूची मापं दिलेलं एक पुस्तक. बस्स.

"पुस्तकात लिहिलंय त्याहून एक कण जास्त नाही," तो म्हणाला. "आणि डोकं ताळ्यावर पाहिजे. तुझं आहे म्हणे. विद्यापीठातले लोक म्हणतात."

"बाबा, घरातलंही कुणी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं," इर्मा म्हणाली.

ती आठवड्यासाठी आली होती. तिचा भाऊ टाउनो मागच्या नोव्हेंबरात, शिकारीच्या पहिल्याच दिवशी, दलदलीकडे गेला तो परतला नव्हता. तो सापडला नाही, त्याची बंदूकही नाही. वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये प्रार्थना होती. ती झाली आणि सुपीरियर सरोवरावरून बर्फ सुरू झाला, तो चार दिवस थांबलाच नाही. मागचं दार छपरापर्यंत गाडलं गेलं. खिडक्यांची बाहेरची तावदानं थंडीसाठी खिळे ठोकून केव्हाच बंद केलेली. उरलं फक्त पुढचं दार. दुलूथ शहरातल्या प्रयोगशाळेतली तिची जागा सोमवारपर्यंतच राखून ठेवली होती.

"शुक्रवारी दोनला येतो," बर्फ काढणाऱ्या गाडीचा बड फोनवर म्हणाला होता. "एक-दोनदा हॉर्न देईन, जरा दम धरीन. तुझ्या बापाची कॉफी प्यायला मात्र थांबणार नाही, अजून मुलं लहान आहेत माझी. माझ्या मागेमागे गाडी काढ, नाहीतर बस पुढच्या आठवड्यापर्यंत."

वाइनोचे हात आता कापत होते, म्हणून काम इर्माच करत होती. जुना प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, ठोकून काढायचा, पितळी पुंगळी डायच्या साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू जोखून ओतायची. मग ठोकळ्यावर विजेरी धरून पन्नासही पुंगळ्यांत दारूची पातळी सारखी आहे ना ते पाहायचं, आणि शेवटी गोळी बसवायची. तिला हे आवडलं. मंगळवारी तिने पन्नास काडतुसं पेटीत उभी करून फळीवर ठेवली.

बुधवारी सकाळी त्यांतली तीन झाडलेली होती.

पुंगळ्या आपापल्या खाचेत उभ्या होत्या. तोंडाशी काजळी, वर जळक्या दारूचा वास. इर्माने वडिलांची बंदूक उघडून नळीत पाहिलं. जुनं तेल तसंच होतं. पायरीवरच्या बर्फावर पाऊल नव्हतं.

तिने तिन्ही बुडं उजेडात धरली. वाइनोच्या बंदुकीच्या घोड्याचा मार प्रायमरच्या बरोबर मध्यावर पडायचा. हा मार डावीकडे सरकलेला होता. टाउनोच्या बंदुकीत तेवढी एक खोड होती. दुरुस्त कर म्हटलं, की तो म्हणायचा, "हरीण काय तक्रार करतंय?"

"बाबा, हे काय आहे?"

"पुन्हा भरून ठेव," वाइनो म्हणाला.

त्या रात्री तिने पेटी आपल्या बॅगेत ठेवली, बॅगेला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. गुरुवारी सकाळी पुन्हा तीन. आता त्या कोमट होत्या. झाडलेली पुंगळी काही मिनिटांत निवते. म्हणजे बार काही मिनिटांपूर्वीचा. तिने वहीत वेळ लिहिली आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला.

शुक्रवारी सकाळी पुंगळी इतकी तापलेली, की चिमटीत धरवेना. ती इर्माच्या हातून जमिनीवर पडली. वाइनोने वर पाहिलं.

"जवळ आलाय," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. जंगलात चुकलेला माणूस थांबून थांबून तीन बार काढतो. ऐकणाऱ्याने एका बाराने उत्तर द्यायचं, म्हणजे तो आवाजाच्या रोखाने चालत येतो. हे इथे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"मी ते तीन बार ऐकले होते गं. सॉनात होतो, वाफेच्या खोलीत. पहिला दिवस, जो तो बार काढतोय. म्हटलं, असेल कुणीतरी आंधळा, हरीण लागत नसेल. उघड्या अंगाने बाहेर कोण जाणार?" त्याने हात मांडीखाली दाबून धरले. "वर्षभर मीच भरत आलो. आता जमत नाही. त्याच्याजवळची काडतुसं संपली तर काय करील तो?"

"म्हणून शिकवलंत मला."

"तू पटकन शिकतेस."

"मी आज जाणार आहे, बाबा."

"मग कोण भरणार?"

त्याने हे रागाने विचारलं नव्हतं. त्याने जागा ठरवून टाकली होती. टेबल, प्रेस, खुर्ची, आणि खुर्चीत ती.

"उत्तर का नाही दिलंत? नंतर कधीही?"

"तेव्हा द्यायचं होतं. आता वर्ष झालं, पोरी. दलदल गोठली, वितळली, पुन्हा गोठली. आता उत्तर द्यायचं नसतं."

रिकाम्या तिन्ही पुंगळ्या भरून झाल्यावर दीडला तिने एक काडतूस घालून वडिलांची बंदूक उचलली. वाइनोने तिची बाही धरली. त्याच्या बोटांत जोर नव्हता. तिने ती एकेक करून सोडवली, दार उघडलं आणि आकाशाकडे एक बार काढला.

देवदारांवरचा बर्फ खाली आला. मग काहीच नाही.

तिने आत येऊन कडी लावली. पेटी पाहिली. उरलेली सगळी काडतुसं भरलेली होती. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिली. भरलेलीच. तिला हायसं वाटलं. तिने कोट चढवला, मफलर गुंडाळला.

दोनला पाच कमी असताना लांबून हॉर्न आला.

"सोमवारी फोन करते," ती म्हणाली आणि बॅग उचलून दाराकडे निघाली.

बाहेर पायरीवर कुणीतरी बूट आपटले. डावा दोनदा, उजवा दोनदा. घरात शिरण्यापूर्वी बर्फ झाडतात तसे.

"बड?" तिने विचारलं.

हॉर्न पुन्हा वाजला. बड अजून रस्त्यावरच होता.

"उघडू नकोस," वाइनो म्हणाला.

तिचा हात कडीवर होता.

बाहेर कुणी दार ठोठावलं नाही. कुणी हाकही मारली नाही.

गाडीचा आवाज फाटकापाशी आला, तिथे थोडा वेळ घुटमळला, मग वळणापलीकडे गेला.

इर्माने खाली पाहिलं. दाराच्या फटीतून पाणी आत येत होतं. तपकिरी, कुजक्या शेवाळाच्या वासाचं. बाहेर शून्याखाली अठरा अंश होते. ते गोठलेलं असायला हवं होतं.