काहिलीतून आलेली वरात

मी दुकानाच्या पत्र्यावर बसले होते आणि तो गूळ कढवायच्या काहिलीत बसून, गरगर फिरत, माझ्याकडे येत होता. अशा वेळी घाबरावं की हसावं... मला काही समजेना. मी दोन्ही केलं.

परंड्याच्या वरच्या अंगाचं तळं सकाळीच फुटलं होतं. आईला घेऊन आप्पा बार्शीच्या दवाखान्यात गेलेले. शेजारीण हाका मारत होती, पण मी धान्याचं मापटं आणायला दुकानात शिरले. आप्पा नेहमी म्हणायचे, मापटं गेलं की दुकानाची लक्ष्मी गेली. लक्ष्मी हाती आली, तोवर पेठेत कमरेच्या वर पाणी होतं, म्हणून पत्र्यावर चढले.

"उतरा," तो म्हणाला.

"ह्यात?"

"दुसरी यष्टी यायला उशीर हाय."

तो ईट गावचा, सोमलिंग. घरी ऊस, गुऱ्हाळ. काहिलीला भोक पडलं म्हणून ठिगळ मारून घ्यायला लोहाराकडं आला होता. ठिगळ अर्धंच झालंय, हे मला पाय ओले झाल्यावर कळलं. त्याच्या हातात वल्हं म्हणून दुकानाची फळी, माझ्या हातात मापटं. तो वल्हवत होता, मी पाणी उपसत होते. काहील गोल, तिला ना तोंड ना शेपूट. आत्ता समोर किल्ला दिसायचा, तर लगेच पुन्हा आमचंच दुकान. एकदा मान वर केली, तर तो माझ्याकडंच बघत होता.

"पाण्याकडं बघा की," मी म्हणाले.

"पानीच बघतोय... तुमच्या केसातलं."

बुडायच्या वेळी कुणी असं बोलतं का? मी खाली मान घालून दुप्पट वेगानं उपसू लागले.

किल्ल्याच्या दारात निम्मं गाव जमलं होतं. पेठेच्या पलीकडं राहणाऱ्या मल्लम्मा आजींना अंधुक दिसायचं. एक पोरगी, एक पोरगा, दारात शेजारी उभे, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी फडक्यातला भाकरीचा तुकडा काढला आणि आम्हा दोघांवरून एकदमच ओवाळून टाकला.

"माप ओलांडायला ज्वारी न्हाय बघ कोरडी," त्या हळहळल्या. "असू दे. उजवा पाय आधी टाक, पोरी."

नव्या नवरीला घरात घेतात, तसं. बायका हसल्या. मी 'नाही' म्हणायचं सोडून मुकाट उजवा पाय टाकला... का टाकला, ते माझं मलाच कळलं नाही.

पाणी ओसरलं, तरी घरं राहण्याजोगी होईपर्यंत अख्खी पेठ किल्ल्यातच होती. माणसं दिवसभर चिखल ओढायची, भिजलेली ज्वारी उन्हात पसरायची, एकमेकांच्या पडल्या भिंती उभ्या करायची. माझं मापटं तेवढं वाचलेलं, म्हणून धान्य वाटायचं काम माझ्याकडं आलं. चुलीमागं एक माप. माझं स्वतःचं माप घेताना मल्लम्मा आजी बजावायच्या, "तुमा दोघांची चूल एकच हाय. दोन मापं घिऊ नगंस."

"आजी, आमचं लगीन न्हाय झालं."

"व्हय, व्हय. म्याबी अशीच लाजायची."

आणि तो? काहिलीत चुरुचुरु बोलणारा, किल्ल्यात मुका झाला. माझ्या हातनं धान्य घ्यायचा, पण मान खाली. मी ओल्या केसांनी समोरून गेले तरी... भिंत बांधत बसायचा! मला राग यायचा, मग रागाचं नवल वाटायचं. पुरातनं ज्यानं बाहेर काढलं तो कुणीही असता, तरी मला असंच झालं असतं का? की ह्याच्याचमुळं होतंय? डोक्यातली काहील अजून गरगरतच होती.

रस्ता मोकळा झाला आणि आप्पा धावत आले. त्यांनी सोमलिंगला नमस्कार केला, त्याचे दोन्ही हात धरले.

"शरणार्थ. माझी अनसूया परत दिलीत. काय पायजे ते मागा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"काय नगं, आप्पा," तो म्हणाला आणि गाडी जुंपायला निघून गेला.

काय नगं! मी तरातरा त्याच्यामागं गेले. तो काहील गाडीवर चढवत होता.

"मागायचं होतं की काहीतरी."

"मागितलं असतं, तर आप्पांना न्हाय म्हणता आलं नसतं. तुमालाबी..." त्यानं दोरी उगाच आवळली. "उपकारापायी आलेलं 'व्हय' मला नगं."

म्हणजे हे होतं तर. तोही माझ्यासारखाच मनात गरगरत होता, आणि मला हसू आलं.

"काहिलीला भोक होतं ना?"

"व्हतं."

"पाणी कुणी उपसलं?"

"...तुमी."

"नसतं उपसलं तर?"

तो हळूच म्हणाला, "दोघंबी गेलो असतो."

"मग उपकार कुणाचे कुणावर? फिटले. आता मोकळ्या मनानं मागा. तुम्ही मला आवडता... काहिलीत बसायच्या आधीच, त्या यष्टीच्या बोलण्यावरनं आवडलात."

त्यानं दोरी सोडून दिली. आप्पा मागंच उभे आहेत, हे आम्हा दोघांनाही उशिरा कळलं. तो वळला, घसा खाकरला आणि त्यानं मागितलं. आप्पांनी काहिलीच्या अर्ध्या ठिगळावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आधी काहिलीचं ठिगळ पुरं करून घ्या."

मार्गशीर्षात मी ईटला गेले. मल्लम्मा आजी हट्टानं गाडीत बसून सोबत आल्या. एकाच पोरीला दोनदा कशाला घरात घ्यायचं, म्हणून वाटभर कुरकुरल्या. उंबऱ्यावर आप्पांचं मापटं होतं, कोरड्या ज्वारीनं काठोकाठ भरलेलं.

"उजवा पाय आधी..." आजी सांगू लागल्या.

तोवर मी माप लवंडलंही होतं.