खडसरगडची नेत्रपरीक्षा

आश्विनातल्या त्या पहाटे खडसरगडाच्या पूर्वेची दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. वर गडाचे तीन बुरूज आणि भैरोबाच्या देवळाचा कळस एवढेच काय ते उघडे होते. सूर्याची पहिली तिरीप कड्याच्या काळ्या कातळावर पडली, नौबत झडली, आणि तिचा नाद विरतो न विरतो तोच बुरुजावरच्या पहारेकऱ्याने घाटवाटेकडे बोट करून आरोळी दिली. धुक्यातून एक पालखी वर चढत होती. तळवट दरबारचे राजवैद्य त्रिविक्रमशास्त्री गडावर येत होते.

ती आरोळी कानी पडताच गडाचे वैद्य भानुभट संध्या अर्धी टाकून उठले. राजवैद्य कशासाठी येत आहेत, हे किल्लेदाराने त्यांना रात्रीच सांगितले होते.

सहा वर्षांपूर्वी तळवटच्या गादीचे खरे वारस हैबतराव यांना त्यांचे चुलतबंधू खेळोजीराव यांनी दग्याने कैद करून या गडावर धाडले होते. भाऊबंदाचे रक्त सांडले तर सरदार उठतील, ही खेळोजीरावांना धास्ती. परंतु अंधाला गादी नाही, हा त्या घराण्याचा पिढीजात नियम असल्यामुळे कैद्याच्या डोळ्यांत तापल्या सळया फिरवाव्या, असा हुकूम भानुभटांच्या नावे सुटला. भानुभटांनी खोलीचे दार लावून घेतले, सळई पाण्यात विझवली, आणि मिटल्या पापण्यांना बिब्ब्याचे तेल लावून असे फोड उठवले की पाहणारांनी तोंडे फिरवावी. व्रण राहिले, डोळे वाचले. तेव्हापासून हैबतराव आंधळ्याचे जिणे जगत होते. भेटीस आलेल्या जन्मदात्रीने त्यांचे तोंड कुरवाळले, तेव्हाही शेजारी पहारेकरी उभा असल्याने ते तिच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे पाहत राहिले होते. ती माउली पुढल्याच साली वारली.

परंतु गेल्या महिन्यात पायरीवर वेटोळे घालून बसलेल्या फुरशावरून हैबतरावांनी नकळत पाय मागे घेतला, आणि ते एका शिपायाने पाहिले. संशय दरबारी पोचला.

भानुभट कोठडीत आले तेव्हा त्यांच्या हातात एक लहानशी वाटी होती.

"राजे," ते हलक्या स्वरात म्हणाले, "शास्त्री आपल्याला अंधारात बसवतील आणि मग एकदम डोळ्यांवर ऊन घेतील. देखत्या डोळ्याची बाहुली उजेड पडताच आकसते. माणूस पापणी रोखील, श्वास रोखील. बाहुलीला रोखणे कोणाच्या हाती नाही."

"मग आपले सोंग आज उघडे पडणार म्हणावे."

"एक उपाय आहे. धोत्रा खुडताना एका गवळणीच्या डोळ्यांत रस उडाला होता. तीन दिवस तिच्या बाहुल्या रुंद राहिल्या. समई समोर धरली तरी हलल्या नाहीत. पाहणाराने आंधळीच म्हणावे."

"उपाय आहे, तर वैद्यराज, आपला आवाज का कापतो?"

भानुभटांनी मान खाली घातली. "बाहुली आकसते ती उगाच नव्हे, राजे. प्रखर उजेड आला की ती दार ओढून घेते, म्हणून आतली दृष्टी होरपळत नाही. आज ते दार मी उघडे अडकवून ठेवणार. आणि शास्त्रींनी आरशाने त्यात सूर्य ओतला, तर दृष्टी टिकेल की नाही, हे मला सांगवत नाही. दोन-चार पळे निभतील. अधिक वेळ धरला तर..."

हैबतरावांनी विचारले, "आमच्या सिदोजी नाईकांचा निरोप?"

"दिवाळीच्या पाडव्याला तीनशे माणसांनिशी आपल्याला सोडवायला गडावर येतात. सोळा दिवस उरले."

"आणि आज आम्ही नाही म्हटले, तर?"

"तर आपले डोळे आज सळईने जातील."

"ते आम्ही विचारत नाही. आपल्या घरी माणसे किती?"

"सात," भानुभट म्हणाले. दरबारचा हुकूम मोडणाऱ्याचा सहकुटुंब कडेलोट होत असे, आणि तो कडा त्या कोठडीच्या झरोक्यातून दिसत होता.

हैबतरावांनी झरोक्याशी जाऊन दरीकडे एकवार पाहिले. धुके विरत होते. खाली ओढ्याकाठी कोणी बाई भातात वाकून उभी होती. मग वळून त्यांनी भानुभटांचा चेहरा पुष्कळ वेळ निरखला.

"आपल्या भुवया पार पांढऱ्या झाल्या की हो," ते म्हणाले, आणि घोंगडीवर उताणे झाले. "घाला."

दुसऱ्या प्रहरी सदरेच्या आतल्या खोलीत परीक्षा झाली. त्रिविक्रमशास्त्री क्रूर नव्हते; ते काटेकोर होते, आणि त्या दिवशी त्या दोहोंत फरक उरला नाही. त्यांनी हैबतरावांना अदबीने मुजरा केला, दारे-झरोके लावून घेतले, त्यांना घटकाभर अंधारात बसवले, आणि मग एकच झडप उघडून अंगणातल्या सेवकाला इशारा केला. त्याच्या हातातल्या आरशातून दुपारच्या उन्हाचा झोत सरळ हैबतरावांच्या उजव्या डोळ्यावर येऊन आदळला.

"मनुष्याची जीभ खोटे बोलते, किल्लेदार," शास्त्री त्या डोळ्याजवळ वाकून म्हणाले, "पण बाहुली राजाचाही हुकूम मानत नाही. पाहू या."

भानुभट भिंतीशी उभे राहून मनातल्या मनात पळे मोजत होते. दोन झाली. चार झाली. कोणाही देखत्या माणसाने किंकाळी फोडून तोंड लपवावे, असा तो उजेड सताड उघड्या दारातून आत घुसत होता, आणि हैबतराव मांडीवर हात ठेवून, पापणी न लववता, देवापुढे बसल्यासारखे बसले होते. फक्त त्यांच्या मानेवरची एक शीर थडथडत होती. सात पळे झाली.

"शास्त्रीबुवा, पुरे," भानुभटांच्या तोंडून निसटून गेले.

त्रिविक्रमशास्त्रींनी मान वर केली. "का?"

त्या एका शब्दाने खोलीतली सारी माणसे भानुभटांकडे वळली. त्यांनी उत्तर देण्यापूर्वीच हैबतराव शांतपणे बोलले.

"भटजींना आमची उगीच दया येते. उन्हाची ऊब बरी वाटते, शास्त्रीबुवा. दुसऱ्या डोळ्यालाही मिळू द्या."

आरसा वळला. डाव्या डोळ्यावर शास्त्रींनी झोत तितकाच वेळ धरला, किंबहुना थोडा अधिकच. अखेर त्यांनी झडप लावली, हात धुतले आणि कारकुनाला मजकूर सांगितला: दोन्ही बाहुल्या उजेडास दाद देत नाहीत, नेत्र गेलेले आहेत, शंका घेण्यास जागा नाही. त्याच दुपारी पालखी गड उतरली.

तिसऱ्या दिवशी धोत्र्याचा अंमल ओसरला. भानुभटांनी निरांजन हैबतरावांच्या डोळ्यांजवळ नेले आणि श्वास रोखून पाहिले. बाहुल्या हळूहळू, पण नक्की, आकसल्या.

"राजे! हलल्या! दार लागले!" त्यांच्या डोळ्यांतून आसवे ओघळली.

"लागले असेल," हैबतराव म्हणाले. "पण भटजी, जिकडे पाहावे तिकडे मधोमध एक काळे वर्तुळ येते. आपला आवाज ऐकू येतो त्या जागी तेच आहे. कडेने काही पांढरे हलते, तो बहुधा आपला हात."

भानुभटांनी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतले, गाईच्या तुपाच्या घड्या ठेवल्या, भैरोबाला नवस केला. ते वर्तुळ रोज थोडे थोडे पसरत गेले आणि पाडव्याच्या आधीच कडेचे पांढरेही त्यात बुडाले. बाहुल्या मात्र उजेडाला नेमाने आकसत राहिल्या. राखणदार जागा होता, आणि आत राखण्याजोगे काही उरले नव्हते.

पाडव्याच्या पहाटे सिदोजी नाईक ठरल्याप्रमाणे आले. फितूर झालेल्या दोघा शिपायांनी दरवाज्याची दिंडी उघडली, किल्लेदार अंथरुणातच कैद झाला, आणि रक्ताचा थेंब न सांडता गड हाती आला. सिदोजींनी धावत येऊन कोठडीचे कुलूप फोडले आणि गुडघे टेकले.

"धनी, चलावे! खाली दोन हजार तलवार आपली वाट पाहते."

"कोण, सिदोजी?" हैबतराव भिंतीला हात लावून उठले. "आवाज किती जड झाला तुमचा."

सिदोजी मोठ्याने हसले. "धनी, आता सोंग पुरे! गड आपला आहे. इकडे पाहावे माझ्याकडे."

कोपऱ्यात भानुभट मटकन खाली बसले आणि दोन्ही तळव्यांत तोंड लपवून हुंदके देऊ लागले. तेव्हा सिदोजींना कळले.

ते दातओठ खात म्हणाले, "खेळोजीचे डोळे या हातांनी उपटीन! आणि गादीवर तरीही आपणच बसावे. नियम गेला खड्ड्यात."

"धनी देखता आहे, म्हणून नियमाने गादी त्याची, याच बळावर तुम्ही दोन हजार जमवलेत, नाईक. तो मोडला की अर्धे आजच घरी जातील आणि उरलेले घाटात मरतील. परत फिरा. लोकांना सांगा, हैबतराव गडावर वारला." मग त्यांनी भानुभटांच्या दिशेने हात केला. "आमचे एकच काम करा. या सात माणसांना घाटाखाली दूर कोठेतरी पोचवा. गड परत खेळोजीच्या हाती गेला की सोंगाचे सगळे फुटेल. यांना कोणी सोडणार नाही."

"मी येथून हलणार नाही," भानुभट म्हणाले.

"आपण हलाल. त्यासाठीच आम्ही पापणी लवू दिली नाही."

आपण गडावर सापडलो नाही तर खेळोजीची फौज पाठलाग करील आणि ती सात माणसे हाती लागतील, म्हणून ते स्वतः मागे राहिले. चौथ्या दिवशी खेळोजीरावांची फौज आली, तेव्हा गडाचा दरवाजा सताड उघडा होता आणि हैबतराव सदरेवर एकटे बसले होते. पावलांची चाहूल लागताच ते सामोरे जाण्यास उठले, उलट्या बाजूला वळले आणि पायऱ्यांवरून कोसळले. पुन्हा परीक्षा घेण्याची गरज कोणालाही वाटली नाही. ते त्याच कोठडीत आणखी अकरा वर्षे जगले.

भानुभट कोकणात एका खाडीकाठच्या गावी राहिले. तापाला, खोकल्याला, सर्पदंशाला ते औषध देत. डोळ्यांचा रोगी आला की हात जोडून त्याला दुसऱ्या वैद्याकडे धाडीत, आणि कारण सांगत नसत. हैबतराव गेल्याची बातमी एका फिरस्त्या बैराग्याकडून आली, तेव्हा त्या वृद्ध ब्राह्मणाने खाडीवर जाऊन स्नान केले आणि दहा दिवस सुतक धरले. शेजारीपाजारी चौकशीला आले.

"कोण गेले, भटजी? जवळचे होते?"

"माझा रोगी होता," भानुभट म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतले.