खोटी जवारी

"मुश्ताक, तू म्हणालास जवारी लागली. इथं सगळे म्हणतात, तंबोरा सर्दी झाल्यासारखा बोलतोय!"

पडद्यावर शाहीनची आत्या, सायरा फुफी, संतापली होती. चंद्रावरून शब्द पोचायला सव्वा सेकंद लागतो. राग मात्र ताजाच पोचला. चंद्रावरच्या वसाहतीत ती गाणं शिकवायची. परवा तिची तिथली पहिली मैफल होणार होती आणि तंबोरा होता मिरजेचा, शाहीनच्या अब्बांच्या, म्हणजे मुश्ताकच्या, हातचा.

प्रवासात त्याची जवारी बिघडली होती. जवारी म्हणजे तारेची गुणगुणती झणक. तार आणि घोडी (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) यांच्यामध्ये एक दोरा असतो. तो केसभर सरकला की झणक उमलते किंवा विझते. सकाळी अब्बांनी नव्या स्पीकरला कान लावून फुफीला सांगितलं होतं, "आणखी मागं... बास!" इथं तर आवाज सुरेख आला होता.

"तिथल्या हवेचा काही दोष असेल, आपा," अब्बा म्हणाले.

अडीच सेकंद गेले. "हवेला नावं ठेवू नकोस. माझा गळा इथं नीट ऐकू येतो!"

पडदा विझला. अब्बा मान खाली घालून कानस पुसत राहिले. त्यांच्या कानांवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. अकरा वर्षांच्या शाहीनला ते बघवेना. चंद्र आणि अब्बांचा कारखाना यांच्यात असतं काय? तिकडचा माइक, मधल्या लहरी, इकडचा स्पीकर. पहिले दोन जुनेच. स्पीकर मात्र गेल्या रविवारचा.

तिने भिंतीवरचा एक तंबोरा उतरवला आणि तारांखालचे दोरे उपसून काढले.

"अगं, मुका करून टाकलास की!"

"तेच हवंय, अब्बा."

तार छेडली. आवाज बोदा, झणक जेमतेम. तोच आवाज रेकॉर्ड करून तिने नव्या स्पीकरवर लावला आणि खोलीभर झणक घुमली.

अब्बांनी कानस आपटली. "खोटारडा!"

अब्बांनी तो मुका तंबोरा काखेत मारला, शाहीनने स्पीकर उचलला आणि दोघं दुकानात पोचली. तिथला 'सुस्वर' नावाचा विक्रेता यंत्रमानव हसऱ्या आवाजात म्हणाला, "हा आमचा सर्वांत गोड स्पीकर!"

यंत्रमानवांना खोटं बोलता येत नाही, पण विचारलं तेवढंच ते सांगतात, हे शाहीनला ठाऊक होतं.

"यात उंच स्वर मुद्दाम वाढवलेत का?"

"होय. नऊ डेसिबलने." (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप.)

"म्हणून कणभर झणक मणभर ऐकू येते?"

"होय. ग्राहकांना आवडते."

"आणि रविवारी आम्हाला दाखवताना एक साधा स्पीकर आणि हा, दोन्ही सारख्याच पातळीवर वाजवलेस?"

"नाही. हा तीन डेसिबलने मोठा होता. किंचित मोठा आवाज माणसांना जास्त चांगला वाटतो."

शाहीनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

"म्हणजे गिऱ्हाइकानं तुझ्या लबाड्यांची यादी घरून करून आणायची?"

 

मग शाहीनने आपल्या पद्धतीने परीक्षा घेतली. दुकानातला ध्वनिमापक समोर ठेवून तो गोड स्पीकर धरून तीन स्पीकर एकाच पातळीवर आणले. त्यांच्यापुढे चादर धरायला सुस्वरलाच उभं केलं.

"चादर कशाला?" अब्बांनी विचारलं.

"किंमत दिसली की कान तिची बाजू घेतात."

तिने आधी खरा तंबोरा छेडला, मग त्याचंच रेकॉर्डिंग एकेका स्पीकरवर लावलं. अब्बा डोळे मिटून बसले.

"पहिला नटवा. तिसऱ्याचं नाक चोंदलंय. दुसरा... अरे, हा तर माझाच तंबोरा! तसाच मुका."

चादर खाली आली. दुसरा होता खालच्या फळीवरचा, धूळ बसलेला साधा स्पीकर. तो आवाजात काही मिसळत नव्हता, काही गाळत नव्हता. गोड स्पीकर दुकानात परत टाकून त्यांनी तो घेतला.

दुपारी फुफीने तार छेडली आणि अब्बांचा चेहरा पडला. "सर्दीच झालीय, आपा. चूक माझी."

"तुमची नाही, त्या खोटारड्याची!" शाहीन फणकारली.

अब्बा फुफीला म्हणाले, "दोरा पुढं घे. केसभरच. आणि थांब."

अडीच सेकंद. पुन्हा केसभर. पुन्हा अडीच सेकंद. आठव्या खेपेला तार झणकारली आणि झणक तुटेना. अब्बा "बास" म्हणायचंही विसरले.

फुफी बराच वेळ नुसती तार छेडत राहिली. "मिरज आली रे," ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले. "शाहीन, इथल्या पोरांना तंबोरा घडवायला शिकायचंय. तिथूनच शिकवायला तू आणि अब्बा. इथंही तसलाच स्पीकर घेते. दुकानात काय काय विचारायचं ते सांग."

शाहीनने कागद ओढला. प्रश्नांच्या यादीची पहिली प्रत फुफीला, दुसरी सुस्वरच्या दुकानाच्या दारावर चिकटवायला.